बाटलीवरचा धबधबा

आमच्या घरात काचेची बाटली रिकामी झाली की पुढचं काम ठरलेलं. ती बादलीत टाकायची. मधाची असो, गुलाबपाण्याची असो, खोकल्याच्या औषधाची असो. ती भिजते, मग आई नखाने तिच्यावरचा कागद सोलते, उरलेला चिकटपणा तारेच्या घासणीने काढते आणि बाटली उन्हात पालथी घालते. कागद असलेली बाटली म्हणजे अर्धवट धुतलेली बाटली. हे एकट्या आईचं नाही. मावशीचं, मामीचं, समोरच्या काकूंचं, सगळ्यांचंच असं आहे. अंगावरचा कागद गेला की मगच बाटली घरची होते आणि तिला फळीवर जागा मिळते.

आणि मला नेमका तो कागद ठेवायचा होता.

ताईचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि रुखवताचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आमच्याकडे मुलीकडच्यांनी हाताने केलेल्या वस्तू लग्नाच्या हॉलमध्ये टेबलांवर मांडायच्या आणि मुलाकडच्या बायकांनी त्या उचलून, उलटून बघत नावं ठेवायची, असा हा खेळ असतो. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, पण हात चालतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे पाहुण्यांच्या याद्या आईने केल्या, साड्या ताईने घेतल्या, आणि मी एका खोलीत सुतळी, मणी, रंग, कात्र्या घेऊन बसले. कोणी आत आलं तर मान वर न करता "हं" म्हणायची सोय होती. मी फार खूश होते.

रुखवतात हल्ली रंगवलेल्या बाटल्या असतातच. वरून दोरा गुंडाळलेल्या, टिकल्या लावलेल्या, आत बारीक दिव्यांची माळ सोडलेल्या. ताई म्हणाली, "आपणही करू, पण सगळ्यांसारख्या नकोत." मला ते पटलं. पण वेगळं काय करायचं ते दोघींनाही सुचत नव्हतं. ते सापडलं चकलांब्याला, मावशीच्या गोठ्यात.

ही मावशी आईची मोठी बहीण. आई तिला अक्का म्हणते. आई, ताई आणि मी लग्नाची पत्रिका घेऊन गेलो तेव्हा ती गोठ्यात बसून एका आई मेलेल्या करडाला बाटलीने दूध पाजत होती. बाटलीच्या तोंडाला रबरी निप्पल लावलेलं, आणि ते करडू ढुशा मारत असं पीत होतं की बाटली हातातून निसटेल की काय असं वाटावं. सगळे करडाकडे बघत होते. मी बाटलीकडे बघत होते. जाड, हिरवट काच, लांब मान, आणि तळाजवळ काचेतच उठवलेलं एक फूल.

"मावशी, अशा अजून आहेत?" मी विचारलं. मी आपणहून काही विचारलं की आमच्या घरात दोन क्षण शांतता होते. तशी झाली.

"हायेत की," मावशी म्हणाली. "त्या वरल्या कोनाड्यात बग. बैलाला तेल पाजायला ठिवल्यात्या. बऱ्याच फुटल्या."

मी खाटेवर चढले. कोनाड्यात एक ग्रीसचा डबा होता, जुनी घुंगरं होती आणि त्यांच्यामागे धुळीत बाटल्या होत्या. पुढच्या सगळ्या अर्थातच कागद काढलेल्या. पण अगदी मागे, भिंतीला टेकून, दोन बाटल्या अशा होत्या की ज्यांना कुणाचा हातच लागला नव्हता. जाळ्यांनी आणि धुराने काळ्या पडलेल्या. मी एक बाहेर काढली, फुंकर मारत ओढणीच्या टोकाने हलकेच पुसली, आणि खालून लाल रंग दिसला.

लेबल होतं. पूर्ण लेबल! पिवळा पडलेला कागद, लाल आणि हिरवा असे दोनच रंग. मध्ये धबधबा, त्याच्या एका बाजूला पानांसकट दोन लिंबं. वर मोठ्या अक्षरात 'अद्रक-लिंबू सरबत', त्याच्या बाजूला उर्दूत एक ओळ, आणि तळाला बारीक अक्षरं. ती मी हळूहळू वाचली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी वाचते, पण जोडाक्षर आलं की मनातल्या मनात थांबावं लागतं. 'कपिलधारेच्या पाण्यासारखे थंड. माजलगाव.'

दुसरीवरही तेच होतं. मी खाली उतरले आणि एक बाटली आईसमोर धरली. तिने लेबलावरून बोट फिरवलं, कागदाला न लावता, थोडं वरूनच.

"अक्का, हे आप्पांचं आहे."

"मंग कुनाचं असंल?" मावशी म्हणाली. "आन् कपिलधारेचं कुठलं पानी गं? आडाचं व्हतं. मीच शेंदायचे."

"आणि हा धबधबा," आई एकदम हसली, "ह्याला आम्ही दाढीवाला बाबा म्हणायचो."

मी पुन्हा पाहिलं. खरंच, एकदा सांगितल्यावर ती दाढीच दिसत होती.

आप्पा म्हणजे आईचे वडील. ते दिंद्रुडला मामाकडे राहतात. कधीकाळी माजलगावात त्यांचं सरबताचं काम होतं, एवढंच मला ठाऊक होतं. ते माझ्या जन्माच्या आधीच बंद झालं. बंद केलं त्या दिवशी त्यांनी बाटल्या भंगारात दिल्या आणि उरलेले लेबलांचे गठ्ठे बंबात घालून आंघोळीचं पाणी तापवलं, असं आई सांगते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि काढू दिला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "संपलं ते. काय ऱ्हायलं न्हाई त्यातलं."

माझं आणि आप्पांचं बोलणं म्हणजे दर दिवाळीला तीन वाक्यं. ते मला 'इंग्लिश' म्हणतात. "काय इंग्लिश, बरं हाय का?" मी म्हणते, "बरं आहे आप्पा." ते म्हणतात, "बरं." मग आम्ही दोघं ओसरीवर बसून रस्त्याकडे बघतो. त्यांना माझं मराठी पुस्तकी वाटतं आणि मला त्यांचं बोलणं पकडायला एक क्षण जास्त लागतो. पण खरं कारण तेही नसावं. घरात कमी बोलणारी माणसं आम्ही दोनच, आणि दोघांपैकी सुरुवात कुणी करायची हेच ठरलेलं नाही.

दोन्ही बाटल्या मांडीवर घेऊन चकलांब्याहून बीडला परत येताना मला एकच गोष्ट हवी होती. ह्यातली एक बाटली, तिच्यावरच्या कागदासकट, आप्पांच्या हातात द्यायची. काही बोलावं लागणार नाही. बाटलीच बोलेल.

"रुखवताच्या अगदी मधोमध ठेवू," ताई कुजबुजली. "आप्पांना आधी सांगायचं नाही. मावशीला तर मुळीच नाही, ती दिंद्रुडला फोन करेल."

घरी आल्यावर मी बाटल्यांना कुणाचा हात लागू दिला नाही. आतून धुवायच्या होत्या, पण बाहेरून थेंब लागता कामा नये. लेबलाभोवती पॉलिथिन गुंडाळलं, वर-खाली रबरबँड लावले, नरसाळ्याने आत कोमट पाणी, चिमूटभर सोडा आणि मूठभर तांदूळ टाकले आणि खुळखुळ्यासारखी हलवली. काळं पाणी निघालं, मग राखाडी, मग स्वच्छ. लेबलावरची काजळी मात्र पाण्याने काढता येत नव्हती. एका व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे ब्रेडचा मऊ गाभा गोळा करून कागदावर हलकेच दाबला, तसं काळं त्याला चिकटून आलं. आई दारातून बघत होती.

"आता ब्रेडने बाटल्या पुसतात का?"

"हं," मी म्हणाले. मान वर केली नाही. पण पिवळ्या कागदातून हिरवं पान बाहेर येत होतं आणि मला उडी मारावीशी वाटत होती.

त्यानंतर ताईने एका बाटलीची वाट लावली. तिला धीर नसतो. मी कागदावर काय लावायचं ते शोधत होते, तेवढ्यात तिने पारदर्शक नेलपॉलिश घेतलं आणि "हे तर चकचकीत आणि पक्कं असतं" म्हणत दोन फटकारे मारले. लाल रंग तिच्या ब्रशबरोबर चालायला लागला. धबधबा रक्ताचा झाला, लिंबं वाहून गेली. ताई ब्रश तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. नवरी मुलगी रडायला लागली म्हणून आई धावत आली, आणि तिला समजावण्यातच तासभर गेला. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. आता एकच राहिली.

त्या एकीला मी बरेच दिवस हातच लावला नाही. आधी भंगारवाल्याकडून लेबलं असलेल्या साध्या बाटल्या आणल्या आणि त्यांच्यावर सगळं करून बघितलं. सरळ व्हार्निश लावलं तर कागद तेल पिऊन वड्याच्या कागदासारखा पारदर्शक झाला. चिकटपट्टीखाली हवेचे फुगे राहिले. व्हिडिओतल्या बाया ज्या डब्यांची नावं घेत होत्या ती बीडच्या स्टेशनरीच्या दुकानात सांगितली तर दुकानदार म्हणाले, "बाई, तसलं काय न्हाई. पांढरा डिंक हाय, द्यायचा का?" मी तोच आणला. घट्ट लावला तर ब्रशच्या रेघा उमटल्या. फार पातळ केला तर कागदाला फोड आले. शेवटी ताकापेक्षा थोडा घट्ट, ब्रशवरून सावकाश ओघळेल असा केला, आणि मऊ ब्रशने एकदाच, मागे न फिरता ओढला. वाळू दिला. पुन्हा पातळ हात. तो कागद रंग न सोडता, न फुगता बसला. मग त्याच्यावर पाणी शिंपडून बघितलं. थेंब वरच्यावर उभे राहिले!

मग आप्पांची बाटली घेतली. डिंक ब्रशवरच वाळू नये म्हणून आधी पंखा बंद केला. पहिला हात दिला तेव्हा सगळं लेबल पांढरं झालं आणि मी ब्रश खाली ठेवला. थोड्या वेळात पांढरेपणा कडेने आत विरत गेला, आणि खालून लाल रंग आधीपेक्षा गडद होऊन वर आला. लिंबं खरोखर पिकल्यासारखी दिसायला लागली. मी खोलीत एकटीच हसत होते. दुसऱ्या हाताला उर्दू ओळ काळीभोर झाली. ते वाळल्यावर वरून पाण्याला अडवणारं व्हार्निश द्यायचं होतं. आता रंग डिंकाखाली सुरक्षित होते, त्यामुळे व्हार्निश कागदाला लागणार नव्हतं. पण डिंक आधी पुरता मुरायला हवा, म्हणून मी बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्या मानेला चिठ्ठी बांधली. मराठीत, मोठ्या अक्षरात: 'कागद काढू नका.'

लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. सकाळी मी दिव्यांच्या माळा आणायला बाजारात गेले होते. परत आले तर टेबलावर बाटली नव्हती.

मागच्या अंगणात मावशी पदर खोचून बसली होती. चकलांब्याहून पहिल्या गाडीने येऊन तिने चहासुद्धा न घेता कामाला सुरुवात केली होती. तिच्यासमोर बादली होती आणि बादलीतल्या पाण्याला धुण्याच्या सोड्याचा वास येत होता.

"मावशी, टेबलावरची बाटली?"

"कोणची?"

"हिरवी. लांब मानेची."

"टाकली की भिजायला. रुखवतात कागदाची बाटली मांडता व्हय गं? त्यांच्याकडल्या बाया काय म्हनतील, पोरीला बाटली धुवाया येत न्हाई? आन् त्या कागदावर आनिक एक कागद! त्यो तर आधी काढला."

तो 'आनिक एक कागद' म्हणजे माझी चिठ्ठी. मावशीचा चष्मा चकलांब्यालाच राहिला होता.

ती पाण्यात हात घालणार तेवढ्यात मी ओरडले. "हात लावू नका!"

अंगणातलं सगळं थांबलं. कांदे चिरणाऱ्या बायका, मामी, आई, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मावशीचा हात पाण्याच्या वरच राहिला.

"अगं माय! एवढं काय झालं?"

"तो कागद हवा होता, मावशी. बाटली नाही. कागद."

"मंग तसं सांगायचं न्हाई का? बाटली पाहिजे म्हनलात, बाटली दिली. कागद पाहिजे असं कोन म्हनलं मला?"

कुणीच म्हणालं नव्हतं.

मी वाकून बघितलं. बाटली तळाशी आडवी होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. लेबल तिच्या शेजारी पाण्यात तरंगत होतं. पांढरंफटक. त्याच्यावर धबधबा नव्हता, लिंबं नव्हती, अक्षर नव्हतं. पण मला दुसरंच काहीतरी दिसलं. ते अख्खं होतं. चारी कोपरे शाबूत. एरवी भिजलेला कागद बोट लागताच लगदा होतो. हा तसा हलत नव्हता. पाण्याबरोबर एखाद्या पातळ कातड्यासारखा सावकाश वाकत होता. मागची जुनी पिठाची खळ विरघळली होती, पण समोरच्या डिंकाने कागदाला धरून ठेवलं होतं.

"ताट द्या," मी म्हणाले. "सपाट. लवकर!"

ताईने ताट आणलं. मी ते पाण्यात तिरकं घातलं, लेबलाच्या खाली नेलं आणि दुधावरची साय उचलावी तसं सगळंच वर घेतलं. पाणी ओघळून गेलं. पांढरा चौकोन ताटात राहिला.

"गेलं," आई हळूच म्हणाली. "रंग गेला."

"गेला नाही. डिंक पाणी प्यायला की पांढरा होतो." हे मी खात्रीने म्हणाले, पण खात्री नव्हती. भंगारातल्या बाटल्यांवर मी फक्त पाणी शिंपडलं होतं. सोड्याच्या बादलीत कुठलंच लेबल बुडवलं नव्हतं.

बीडचं मे महिन्यातलं ऊन एरवी आम्हाला नको होतं. त्या दिवशी मी त्याचे आभार मानले. ताट ओसरीवर सावलीत ठेवलं, तरी हवाच इतकी तापलेली की ताटातलं पाणी बघता बघता आटत होतं. मावशी शेजारी जमिनीवर हात टेकून बसली. तिला हळद लावायला बोलावलं, चहाला बोलावलं. ती उठली नाही. "म्या न्हाई हलायची," म्हणाली, "हे काय हुतंय ते बगितल्याबिगर."

आधी एका कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला. मग पान. मग पानाशेजारी पिवळसर काहीतरी.

"लिंबू!" ताई ओरडली. तिच्या अंगाला हळद, हातात रुखवतासाठी केलेला सुपाऱ्यांचा चौघडा, आणि ती ओसरीवर उकिडवी बसलेली. "लिंबू आलं!"

मग मधला पांढरेपणा फाटला आणि लाल रेघा वर येत गेल्या.

"आली गं, दाढी आली!" मावशी माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारत म्हणाली की मी ताटावर पडता पडता वाचले. कांदेवाल्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या. कशासाठी एवढा आरडाओरडा चाललाय हे त्यांना कळत नव्हतं, पण त्याही हसत होत्या.

आता ते परत चिकटवायचं होतं. मी डिंकाची बाटली काढली, तर आई आणि मावशीने एकदम नाही म्हटलं.

"खळ कर अक्का. मैद्याची."

"मैदा कुठला तवा? जवारीच्या पिठाची करायचो."

"मैद्याची होती. मी खायचे."

"तू काय बी खायचीस. आप्पा मोरचूद टाकायचे खळीत, झुरळं लागू न्हायेत म्हनून. मैद्याची अन् मोरचुदाची खळ खाऊन जगलीस व्हय?"

आई हरली. खळ ज्वारीची झाली, मोरचूद वगळून. उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्या दोघी लेबलं लावायला बसायच्या, हे मला तेव्हा कळलं. आईने मला कधी सांगितलं नव्हतं. मावशी खळ ढवळत होती, आई लेबलाच्या मागच्या बाजूला लावत होती, आणि दोघीही लहान मुलींसारख्या एकमेकींच्या हातावर फटके मारत होत्या. लेबल बाटलीवर अर्धं टेकलं होतं, अर्धं हवेत होतं, त्याच वेळी फाटकाशी मामाची गाडी थांबली.

आप्पा संध्याकाळी येणार होते. ऊन चढायच्या आत निघू म्हणून लवकर निघाले होते.

लपवायला जागाच नव्हती. आम्ही चौघीजणी ओसरीवर, मध्ये खळीचं पातेलं, ताट, आणि मावशीच्या हातात ती बाटली. आप्पा पायऱ्या चढून आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. उभे राहिले.

त्यांनी बाटलीकडे बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथे काहीच हलत नव्हतं.

"तिरकं लावलंय," ते म्हणाले.

"आप्पा, आधी पानी तर घ्या," मावशी म्हणाली.

"डावीकडून खाली गेलंय. आन हिकडं. तुमच्या हातून सरळ कवा लागलं व्हतं?"

ते तिथेच फरशीवर बसले, बाटली मांडीवर आडवी घेतली आणि खळ ओली होती तोवर लेबल हलकेच सरकवलं. मग हात पुढे केला. "इंग्लिश, चिंधी दे."

मी दिली. त्यांनी अंगठ्याने मधून सुरुवात केली, मधून कडेला, मधून कडेला, आणि बाहेर आलेली खळ चिंधीने टिपत गेले. मध्येच थांबून त्यांनी लेबलावर नख टेकवलं.

"वरून काय लावलंय ह्याला?"

मी सांगायला लागले. डिंक, किती पाणी, ब्रश मागे का फिरवायचा नाही, व्हार्निश आधी का चालत नाही. माझं पुस्तकी मराठी मध्येच अडकत होतं. ते थांबून ऐकत होते. कुणी माझं एवढं लांब वाक्य मध्ये न तोडता ऐकलं की मला घाम फुटतो. त्या दिवशी फुटला नाही.

"पान्यात गेलतं?"

"हो. सोड्याच्या."

"आन् फाटलं न्हाई?"

"नाही आप्पा."

ते परत अंगठा फिरवायला लागले. मग खाली बघतच बोलले. दुकानदार सरबताच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. दुपारपर्यंत लेबल सुटून टपात तरंगायचं. नागड्या बाटलीत कुणाचंही सरबत भरून विकता येतं, आणि विकलं जायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, माजलगावचं सरबत बिघडलं. "म्या छापखाना बदलला, खळ बदलली. कागद काय बर्फात टिकला न्हाई." बंद पडायला इतरही कारणं होती, आई नंतर म्हणाली. पण आप्पांच्या मनात राहिलं होतं ते हे.

"हे टिकंल का बर्फात?" त्यांनी विचारलं. मला.

"माहीत नाही," मी म्हणाले. "व्हार्निश दिल्यावर टिकायला पाहिजे."

"मंग बगू उद्या."

ताईच्या हातात दिव्यांची माळ होती. "पण आप्पा, आत लाइट सोडायचे आहेत. रात्री किती छान दिसेल."

"बाटलीत लाइट भरतात व्हय गं? सरबत भरतात. लिंबं हायेत का घरात? आन् अद्रक?"

दुपारी मी व्हार्निशचा एक हात दिला, आणि ऊन कलल्यावर दुसरा, कडा नीट बंद करत. स्वयंपाकघरात आप्पा पाटावर बसून आईला साखर किती ते सांगत होते, आणि ती मुद्दाम विचारत होती, "एवढी? की अजून?"

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये रुखवत मांडलं. थर्माकोलचं देऊळ, सुपाऱ्यांचा चौघडा, कुरडयांचा मनोरा, आणि मधोमध स्टीलच्या घमेल्यात बर्फ. बर्फात आप्पांची बाटली, सरबताने भरलेली. मी टेबलामागच्या खांबाला टेकून उभी होते. आप्पा कधी रुखवताच्या बाजूला येत नाहीत. त्या दिवशी खुर्ची ओढून जवळच बसले होते, जणू तिथे पंखा चांगला लागतो म्हणून.

मुलाकडच्या बायका गेवराईहून आल्या होत्या, आणि तयारीने आल्या होत्या. देवळाचा कळस वाकडा आहे. कुरडया जाड आहेत. चौघडा नाही, हा तर माठ दिसतोय. मावशी प्रत्येकीला उत्तर देत होती. "वाकडा कळस तुमच्या पोरापेक्षा सरळ हाय बगा!" सगळ्या हसत होत्या.

मग नवऱ्या मुलाची आत्या घमेल्याशी थांबली. बाटली उचलली. तिच्यावरून गार पाणी ओघळत होतं, लेबलावर थेंब उभे राहिले होते.

"हे काय हाय? बाबाची दाढी का?"

"धबधबा हाय त्यो," मावशी म्हणाली. "कपिलधार."

"असंल. पर विहीनबाई, बाटलीचा कागद काढायचा ऱ्हायला की तुमचा!"

आणि तिने, आमच्या घरातली कुठलीही बाई करेल तसं, सहज, लेबलाच्या कोपऱ्यात नख घातलं.

आई पुढे सरकली. शालूत बसलेली ताई लांबून अर्धी उठली. मावशीने तोंडावर हात ठेवला. नख कोपऱ्यावरून सरकलं. आत्याने पुन्हा घातलं, जरा जोराने. पुन्हा सरकलं. तिने बाटली फिरवून दुसरा कोपरा धरला, अंगठ्याने चोळून बघितला, पदराने पुसून बघितला.

"अगं बया," ती म्हणाली, "हे निघना की!"

"न्हाई निघायचं," आप्पा खुर्चीतून म्हणाले. मग त्यांनी खांबाकडे, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारली. "इंग्लिश, बस हितं. ते डिंकात पानी किती, परत सांग."